सत्कार कशाचा?

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमचे घर उलटेपालटे होते. माळ्यावरची भांडी खाली येतात, गाद्या उन्हात पडतात, आणि आजीची पत्र्याची पेटी दरवर्षीप्रमाणे अंगणात येऊन बसते. ती उघडायची, झुरळे झटकायची, डांबराच्या नव्या गोळ्या टाकून पुन्हा जागेवर ठेवायची, हे काम माझ्याकडे आहे. आजी जाऊन तीस वर्षे होऊन गेली, पण पेटी अजून तिचीच म्हणवते. आत दोन लुगडी, एक अडकित्ता आणि तेवीस पत्रे.

यंदा ही पेटी उघडताना हात थोडा अडखळला. त्याचे कारण एक सत्कार.

आमच्या तालुक्याच्या गावी एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. मी शाळेतला मास्तर, ते पोस्टातले. आम्ही दोघेही एकमेकांस नुसते 'मास्तर' म्हणतो, आणि तिसरा माणूस जवळ असला की त्याची पंचाईत होते. चाळीस वर्षे त्यांनी जुनी पाकिटे जमवली. नुसती तिकिटे नव्हेत, अखंड पाकिटे: वर तिकीट, त्यावर निघाल्या गावचा शिक्का, मागे पोहोचल्या गावचा शिक्का. वऱ्हाडातली डाक कोणत्या वाटेने फिरत होती, ह्याच्या त्यांनी वह्यांवर वह्या लिहून ठेवल्या आहेत. त्यांतली एकही छापली गेलेली नाही. विमानाने आलेल्या पत्रांसाठी तर त्यांनी वेगळे कपाटच केले आहे.

गावातल्या एका संस्थेत दरवर्षी कार्तिकात कुणाचा तरी सत्कार होतो. मी मॅट्रिकपुढे शिकलेलो नाही, पण चार कादंबऱ्या नावावर आहेत, तेवढ्या भांडवलावर मला समितीत घेतले आहे. ह्या वर्षी मी पोस्टमास्तरांचे नाव सुचवले. तेव्हा एक सभासद म्हणाले, "त्यांनी केले काय हो? लोकांची जुनी पाकिटे गोळा केली. ते तर रद्दीवालाही करतो!" सगळे हसले. मीही हसलो. घरी येताना मात्र ते हसू गळ्याशी अडकले, कारण प्रश्न खोटा नव्हता. ज्याने विहीर खणली, शाळा काढली, निदान एखादे पुस्तक लिहिले, त्याचा सत्कार समजतो. ज्याने दुसऱ्यांनी केलेले, दुसऱ्यांना आलेले आणि दुसऱ्यांनी टाकलेले नुसते जपून ठेवले, त्याचा सत्कार कशासाठी?

अलाहाबादची गोष्ट घ्या. १९११ सालच्या १८ फेब्रुवारीला तेथल्या प्रदर्शनाच्या मैदानावरून आंरी पेके नावाचा तेवीस वर्षांचा फ्रेंच जवान डाकेची पिशवी घेऊन विमानाने उडाला आणि यमुनेपलीकडे नैनीला उतरला. अंतर सहा मैलांचे, वेळ तेरा मिनिटे. पिशवीत सुमारे साडेसहा हजार पत्रे होती. जगातली ही पहिली सरकारी विमानडाक. हे सगळे जुळवून आणणारा कॅप्टन विंडहॅम. दर पत्रामागे सहा आणे जादा घेतले गेले, आणि तो पैसा तेथल्या विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाला मिळाला. ह्या उड्डाणासाठी खास शिक्का करवला होता आणि तो किरमिजी शाईने मारला होता. अलाहाबादहून नैनीला पत्र न्यायला विमानाची काय गरज होती, असे कुणी विचारील. गरज काहीच नव्हती. टांग्यानेही ते तासाभरात गेले असते. परंतु माणसाने लावलेल्या पुष्कळ शोधांची पहिली फेरी अशीच बिनगरजेची असते.

आता पाहा, पेके उडाला, विंडहॅमने योजना केली, पोस्टाने शिक्का मारला. ह्या तिघांची नावे आपण घेतो. परंतु पत्रे ज्यांना मिळाली त्या घरांतून ती चुलीत गेली असती, तर आज ह्या उड्डाणाचे काय उरले असते? वर्तमानपत्रातल्या चार ओळी. त्या किरमिजी शिक्क्याची शाई, पत्रे कुठे कुठे गेली, किती दिवसांनी पोहोचली, हे जे आज कळते ते कुणीतरी पाकीट फेकले नाही म्हणून. त्या कुणाचेच नाव आपल्याला माहीत नाही.

अर्थात संग्रह करणाऱ्यांना मान देण्याची रीत जगात नाही असे नाही. इंग्लंडात १९२१ साली तिकिटांच्या थोर अभ्यासकांची एक सन्मानपट्टी सुरू झाली आणि तिच्यावर पहिली सही खुद्द पंचम जॉर्ज बादशहाची झाली. बादशहाचा संग्रह मोठा होता ह्यात शंका नाही. पण ज्याच्या डोक्याचे चित्र तिकिटावर असते त्याला तिकिटे मिळवायला किती हिंडावे लागले असेल, हा विचार माझ्या खेडवळ मनात आल्यावाचून राहत नाही. असो.

त्याहून मला कलकत्त्याचा स्टीफन स्मिथ जवळचा वाटतो. हा विमानडाकेचा संग्राहक आणि अभ्यासक. १९३४ पासून दहा वर्षे त्याने अग्निबाणांतून पत्रे उडवण्याचे प्रयोग केले. असे अडीचशेहून अधिक बाण त्याने सोडले. १९३५ साली तर दामोदर नदीवरून एक कोंबडा आणि एक कोंबडी त्याने बाणात घालून पलीकडे पाठवली, आणि ती दोघे जिवंत उतरली! लोकांनी त्याला अर्धवट म्हटले असेल तर त्यांना फारसा दोष देता येत नाही. १९५१ साली तो वारला. सरकारने त्याच्या नावाचे तिकीट काढले ते १९९२ मध्ये. आयुष्यभर ज्याने तिकिटे गोळा केली, त्याचे स्वतःचे तिकीट निघायला मरणानंतर एकेचाळीस वर्षे लागली.

आपल्या वऱ्हाडालाही ह्या इतिहासात जागा आहे आणि ती आपल्याच लोकांना ठाऊक नाही. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे डाक घेऊन जुहूच्या मैदानात उतरले, हे पाठ्यपुस्तकात असते. परंतु १९४९ च्या जानेवारीत रात्रीची विमानडाक सुरू झाली, हे आमच्या शाळेत मी विचारले तेव्हा एकाही शिक्षकाला सांगता आले नाही. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ह्या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे. चारही विमाने मध्यरात्रीनंतर नागपूरला सोनेगावच्या तळावर एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करीत, आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परत. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशातली साधी पत्रेही जादा पैसे न घेता विमानाने नेण्याचे ठरले. गरिबाचे पाकीट आणि शेठजींचे पाकीट एकाच पिशवीतून उडू लागले. सत्तरीच्या दशकात ही सेवा थांबली. तोवर तिने माणसांचाही बळी घेतला होता. १९५३ च्या डिसेंबरात नागपूरहून मद्रासकडे उडालेले डाकोटा कोसळून तेरा जण गेले.

पोस्टमास्तरांनी हे मला प्रथम सांगितले त्या दिवशी मी घरी येऊन भूगोलाच्या नकाशावर मुंबई ते नागपूर सरळ पट्टी ठेवली. ती चिखली आणि मेहकर ह्यांच्या आसपासून गेली! आजी सांगत असे की पूर्वी रात्री शेतात जागलीला गेले की वरून घुरघुर जायची, ती म्हणे, "देवाची गाडी चालली." ती देवाची गाडी नव्हती, डाकेची होती. आणि तिच्या लेकाचे पत्र कधीमधी त्या घुरघुरीतून डोक्यावरून नागपूरला जात असेल, तेथून आगगाडीने उलट मलकापूरला येत असेल, आणि राजूरचा घाट चढून आमच्या गावी पोहोचत असेल, हे तिला कुणी सांगितले नाही.

आता पेटीतल्या पत्रांकडे येतो. यायला नको होते, पण आल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

माझे थोरले काका फौजेत होते. इस्रायल आणि मिसर ह्यांच्यामध्ये गाझाच्या वाळवंटात संयुक्त राष्ट्रांची जी शांतिसेना होती, तिच्यात १९६५ च्या सुमारास ते वर्षभर होते. पुढे ते इकडे परत आले, निरनिराळ्या छावण्यांतून राहिले, आणि १९७१ च्या डिसेंबरात गेले. मी त्यांना पाहिलेले नाही. त्यांची पत्रे आजीने जपली. आजीला अक्षरओळख नव्हती. तरी ती पेटी उघडून नेमके हवे ते पत्र काढी, मांडीवर ठेवी आणि बराच वेळ बसून राही. तिने पत्रांना नावे दिली होती. गाझाहून आली ती 'नेहरूची', कारण त्यांच्यावर नेहरूंच्या निधनानंतर काढलेले करडे तिकीट होते. मग 'पाला तोडणारीची'. त्या तिकिटावर चहाची पाने खुडणारी बाई असे. आणि शेवटचे एक 'इमानाचे'. नॅट जातीच्या लढाऊ विमानाचे वीस पैशांचे तिकीट त्या पाकिटावर होते. प्रत्येकात काय आहे हे तिला वाचून दाखवलेले असल्यामुळे पाठ होते. तिकीट पाहिले की मजकूर तिच्या मनात उभा राही. तिला वाचता येत नव्हते असे आम्ही म्हणत असू, पण ती वाचतच होती.

१९८९ च्या उन्हाळ्यात मी दहा वर्षांचा होतो. शाळेतल्या मुलांमध्ये तिकिटे जमवण्याची लाट आली होती. एका दुपारी आजी शेजारी गेली असता मी पेटी उघडली आणि तेवीसच्या तेवीस पाकिटांची तिकिटे फाडून घेतली. काही पाकिटांतून पत्रे बाहेर काढून फाडली, काही तशीच. पत्रे परत घालताना जे हाताला लागले ते ज्यात बसले त्यात घातले. तिकिटे शंभर पानी वहीत भाताच्या शितांनी चिकटवली. त्यांतली नेहरूंची दोन देऊन मी एका वर्गमित्राकडून जहाजाचे चित्र असलेले तिकोनी परदेशी तिकीट घेतले. सौदा फार उत्तम झाला असे मला वाटले.

आजीने मारले नाही. ती पाकिटे एकामागून एक उलटीसुलटी करीत राहिली. मग म्हणाली, "काहून फाडलं रे बापू? आता यातलं कोन्तं कोन्तं हाय, हे मले कोन सांगन?"

त्यानंतर तिला पत्र हवे असले की बाबांना हाक मारावी लागे. बाबा एकेक वाचीत, ती "हे नाही, हे नाही" म्हणत जाई. पुढे पुढे तिने हाक मारणे सोडले. पाच वर्षांनी ती गेली. आता बाबाही नाहीत. कोणते पत्र कोणत्या पाकिटातले, हे सांगणारे कुणी उरले नाही. काकांना पत्रावर तारीख घालण्याची सवय नव्हती.

तेव्हा माझ्यापुढचा प्रश्न असा आहे. मीही संग्राहक होतो आणि पोस्टमास्तरही संग्राहक आहेत. दोघांनीही दुसऱ्यांच्या पत्रांवर हात टाकला. मग एकाला अपराधी म्हणायचे आणि दुसऱ्याला शालजोडी द्यायची, हा न्याय कोणता? मी लहान होतो, ही पळवाट मला नको. मोठ्या वयाची माणसेही हेच करतात. ज्या विमानांना अपघात झाले त्यांतल्या वाचलेल्या पत्रांना बाजारात जास्त किंमत येते. १९६६ च्या जानेवारीत 'कांचनगंगा' हे आपले विमान माँ ब्लाँ शिखरावर आदळले, डॉ. होमी भाभा त्यातच गेले. २०१२ साली त्या बर्फातून भारत सरकारच्या डाकेची एक पिशवी वर आली. शेहेचाळीस वर्षे बर्फात राहिलेला कागद! ती बातमी वाचताना माझ्या अंगावर काटा आला. परंतु असली पाकिटे हौसेने विकत घेऊन चौकटीत लावणाऱ्याच्या मनात काय असते? कुतूहल, की दुसऱ्याच्या मरणावर चढलेली किंमत?

पोस्टमास्तरांना मी हे एकदा तोंडावर विचारले. ते चिडले नाहीत. म्हणाले, "मास्तर, मी एक नेम पाळतो. पाकीट माझे, आतले पत्र माझे नाही. नोकरीत असताना जे केले नाही ते आता करायचे नाही." खरोखरच त्यांच्या संग्रहात ज्या पाकिटांत पत्रे आहेत ती त्यांनी कधी उघडलेली नाहीत. हा नेम मला प्रथम थोडा हास्यास्पद वाटला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून वाळवीच्या तोंडातून मराठ्यांची पत्रे काढली आणि १८९८ पासून खंडामागून खंड छापले. ती पत्रे त्यांनी न वाचता चौकटीत लावली असती तर पानिपतावर गेलेल्यांचे आपल्याला काय कळले असते? परंतु पानिपताची पत्रे लिहिणारे आणि त्यांच्या आया कधीच निघून गेल्या आहेत. आमच्या तालुक्यातल्या पाकिटांवरचे पत्ते अजून उभ्या असलेल्या घरांचे आहेत. बाहेरून किती वाचता येते आणि आत कुठे थांबावे, हे ज्याला कळते त्याच्यात आणि माझ्यात मला पहिल्यांदा फरक दिसला तो तेथे.

दुसरा फरक कळला गेल्या हिवाळ्यात. मी धीर करून आजीची पत्रे त्यांच्याकडे नेली. फाटक्या पाकिटांना बाजारात दमडीची किंमत नाही, हे मला माहीत होते. त्यांनी एकेक पाकीट खिडकीशी धरून पाहिले. गाझाच्या एका पाकिटावर तिकिटाचा फाटका कोपरा राहिला होता आणि त्यावर इंग्रजी छापाची दोनच अक्षरे. ते म्हणाले, नेहरूंच्या तिकिटावर शांतिसेनेच्या नावाची आद्याक्षरे, 'युनेफ', छापून १९६५ साली खास आपल्या त्या पथकासाठी ही तिकिटे काढली होती. मी तीच दोन तिकोनी जहाजाला विकली होती! मग त्यांनी पाकिटे उलटी केली. मागे आमच्या गावचे शिक्के शाबूत होते. "पोहोचल्याची तारीख आहे," ते म्हणाले, "निघाल्याची तुम्ही नेलीत." शब्द साधे होते, आवाजही चढा नव्हता. मला खाली पाहावे लागले.

मग ज्या कामाला आमचे सभासद रद्दीवाल्याचे काम म्हणतात ते सुरू झाले. चार महिने दर रविवारी आम्ही बसलो. पाकिटे त्यांच्यापुढे, पत्रे माझ्यापुढे. नेम त्यांनी मोडला नाही. पत्रातले एक अक्षर पाहिले नाही. कागदाच्या घड्या किती, कडेला टाचणीचा गंज कुठे, शाईचा डाग पाकिटात उमटला आहे का, हे ते विचारीत आणि मी सांगे. मजकुरापैकी फक्त हंगाम सांगायचा असे ठरले: कपाशीची वेचणी, पोळा, आखाजी. ते शिक्क्याच्या महिन्याशी ताडून पाहत. तीन ठिकाणी तर मी पत्र आत असतानाच तिकीट ओढले होते, त्यामुळे पाकिटाला आणि पत्राला एकाच आकाराचे भोक होते. ती तीन पहिल्या दिवशीच जुळली. मास्तर म्हणाले, "ह्या तिघांत तुमची मदत झाली!" आणि आम्ही दोघेही पोट धरून हसलो.

तेवीसांपैकी सतरा पत्रे आपापल्या पाकिटात परत गेली. हे जगाच्या दृष्टीने काही मोठे नाही. त्यातून कुठला सिद्धांत निघाला नाही, पैसा तर नाहीच. परंतु एका म्हातारीने जो क्रम मनात धरला होता आणि एका पोराने जो मोडला होता, त्याचा बराचसा भाग पुन्हा लागला. तो लावायला चाळीस वर्षांची पाकिटे पाहिलेली नजरच हवी होती. माझ्या चार कादंबऱ्यांत मी पुष्कळ माणसांच्या मनातले लिहिले. त्यांतल्या एकाही माणसाला माझ्या लिहिण्याने त्याचे हरवलेले काही परत मिळाले नाही.

'फिलाटेली' हा शब्द १८६४ साली एका फ्रेंच गृहस्थाने ग्रीक शब्दांवरून बनवला. त्याचा अर्थ मोठा मजेदार आहे: देणे नसण्याविषयीचे प्रेम. पूर्वी पत्राचे पैसे घेणाऱ्याला भरावे लागत. तिकीट आल्यावर पाकीट पाहूनच कळू लागले की आपल्याला काही द्यायचे नाही. पोस्टमास्तरांनी हे सांगितले तेव्हा मी म्हटले, माझे पाकीट मात्र नॉटपेडच राहणार.

समितीची बैठक पुन्हा झाली. मी ही हकीकत सांगितली. ज्यांनी रद्दीवाला म्हटले होते ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "आमच्या घरीही आफ्रिकेतून आलेली पत्रे असतील, बायकोला विचारतो." सत्कार ठरला आहे. भाषण माझ्याकडे आहे आणि ते अजून लिहून झालेले नाही. शाल, श्रीफळ आणि मानपत्र असा बेत आहे. मानपत्र काचेच्या चौकटीत द्यावे असे ठरत होते, तेव्हा पोस्टमास्तरांनी निरोप पाठवला: चौकट नको, पोस्टाने पाठवा, आणि शिक्का नीट उमटला आहे की नाही ते खिडकीवर उभे राहून पाहा.

सहा पत्रे उरली आहेत. त्यांत 'इमानाचे' कोणते हे अजून कळलेले नाही. उरलेल्या पाकिटांपैकी दोहोंच्या मागे १९७१ च्या नोव्हेंबरातले शिक्के आहेत, एक दहा तारखेचा, एक बावीसचा. पत्रांपैकी एकात काकांनी लिहिले आहे की दिवाळीला येणे होणार नाही, आईने वाट पाहू नये. दुसऱ्यात घरच्या गाईला कालवड झाल्याचा आनंद आहे. मी जुने पंचांग शोधतो आहे. भाऊबीज झाली की दोन्ही पाकिटे घेऊन मास्तरांकडे जायचे आहे.